बोटांची प्रार्थना

मन्या,

तुझ्या दफनाच्या दिवशी पाळकसाहेबांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. आपल्या चर्चच्या मंडळीत तुझ्या बरोबरीचा आता मी एकटाच. मी उठलो, चष्मा पुसला आणि म्हणालो की मनोहर चांगला टर्नर होता, चांगला माणूस होता, त्यानं कधी कुणाचं वाईट चिंतलं नाही. मग खाली बसलो. एवढं सांगायला सत्तर वर्षांची ओळख लागत नाही. कुपवाडच्या नाक्यावर तुला चहा देणाऱ्यानंही एवढं सांगितलं असतं.

सांगायचं होतं ते वेगळं होतं. सकाळीच कागदावर लिहून कोटाच्या खिशात ठेवलं होतं. कागद खिशातच राहिला. तू समोर पेटीत होतास, झाकण लावलेलं होतं, तरीही मला तुझ्यासमोर बोलवेना.

म्हणून आता लिहितो. मंडळीच्या अंकाला देईन, छापतील न छापतील. तुझ्यापर्यंत हे पोचणार नाही, एवढं मला कळतं. गेलेल्या माणसाला आपलं बोलणं पोचतं का, यावर आपला एकदा लोणंदच्या फलाटावर वाद झाला होता. तो अर्धाच राहिला, कारण गाडी आली. नंतर कधी तो पुरा करावा असं दोघांनाही वाटलं नाही.

आपण दोघं रेल्वेच्या गँगमनची पोरं. लोणंदच्या त्या चाळीत ख्रिस्ती घरं दोनच, तुझं आणि माझं. पाळक महिन्यातून एकदा साताऱ्याहून यायचे. बाकीच्या रविवारी तुझे आबा पवित्र शास्त्र, बायबल, वाचायचे आणि मालगाडी आली की ती जाईपर्यंत वचनाच्या मध्येच थांबायचे. तेवढ्या वेळात तू प्रश्न काढायचास. "आबा, इंजिन देवानं केलं का माणसानं?" आबा म्हणाले, "माणसानं. आणि माणसाला देवानं. झालं समाधान?" तू म्हणालास, "न्हाई." मी हसलो, म्हणून माझ्या आईनं माझा कान पिळला. तुझ्या कानाला कुणी हात लावला नाही. पुढंही हे असंच चालत राहिलं. प्रश्न तू विचारायचास आणि गप्प राहायचं कसं, ते मी शिकायचो.

तू कुपवाडला लेथवर लागलास. मी सरकारी कचेरीत, आधी साताऱ्याला, मग बदली होऊन सांगलीला. सांगलीच्या मंडळीनं तुला तरुणांचा वर्ग दिला आणि मला चिटणीस केलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं. दुसरं कारण नव्हतं.

तुझा वर्ग आठवतो. शनिवारी पहिली पाळी सुटली की तू हातपाय धुऊन बसायचास. नखांतलं काळं तेवढं निघायचं नाही. दहाबारा पोरंपोरी तुझ्या पुढच्या खोलीत सतरंजीवर. मध्ये शास्त्र आणि आठवड्याभराची वर्तमानपत्रं. कुठलीही बातमी काढा, लेख काढा, नाटक बघून आला असाल तर ते काढा. तुझा नियम एकच होता: समोरच्याचं खरं काय आहे ते आधी सांगायचं, मग आपलं. "जॉब फिरवून न बघता टूल लावला तर जॉब बी जातो आनि टूल बी," असं तू लेथवरच्या लोखंडी तुकड्याचा आणि पात्याचा दाखला देऊन म्हणायचास. एकदा व्याख्यानमालेत कुणी देव न मानणारे वक्ते आले होते, तर तू सगळ्या वर्गाला पहिल्या रांगेत नेऊन बसवलंस. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एकाला ते कळलं तेव्हा त्यांना जेवण गेलं नाही.

त्या शनिवारी मी मुद्दाम तुझ्या दारात उभा होतो. माझी रूथ तेव्हा सोळा-सतरा वर्षांची. तिनं तुला विचारलं, "काका, त्यांनी सांगितलं ते सगळंच खरं असलं तर?"

तू म्हणालास, "तर मग आपन खोटं धरून बसलोय, आनि ते आजच कळल्यालं बरं. पर आदी बघू या की. काय काय म्हनाला तो? लिही."

वर्ग सुटल्यावर तू मला सोडायला निघालास, तेव्हा वाटेत मी तुझ्याशी भांडलो. म्हणालो, जगापासून वेगळं राहायला सांगितलंय आपल्याला. तू सायकल हातात धरून चालत होतास. "वेगळं राहा म्हंजे दार लावून बस न्हवं, एल्या. दार लावून बसल्याला मानूस वेगळा कशापासनं? त्याला कोन दिसतंच न्हाई." मी म्हणालो, तुझी ही पोरं एक दिवस हातची जातील. तू म्हणालास, "भीतीनं ठेवल्याली काय हातात असत्यात व्हय?" मला तुझा राग आला, तो ह्या वाक्याचा.

आता खंडेनवमीचं. अंक वाचणाऱ्या तरुणांना माहीत नसेल म्हणून सांगतो. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होते. ज्याचं यंत्र त्यानं धुवायचं, पुसायचं, हार घालायचा. तुझ्या कारखान्यात तू ख्रिस्ती आहेस हे शेठपासून हमालापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. तू हार घालायचा नाहीस, कुंकू लावायचा नाहीस, पण तुझं लेथ सगळ्यांत जास्त चकाकायचं. आरती चालू असताना तू बाजूला उभा राहायचास.

एका वर्षी तानाजीची दोन बोटं गेली. जतकडचा पोरगा, नवीन लग्न झालेला, पत्रा दाबायच्या प्रेसखाली हात राहिला. त्यानंतरच्या खंडेनवमीला तोच हाताला पट्टी गुंडाळून तुझ्यासमोर येऊन म्हणाला, "मनोहरदा, गेल्या साली नारळ फोडला तरी बोटं गेलीच. औंदा तुमच्या देवाला बी सांगून बघा की."

तू म्हणालास, "सांगतो. पर माजा देव विमावाला न्हवं रं."

सगळे हसले. आणि मग तू त्या यंत्रांच्या मध्ये, हारांच्या आणि उदबत्तीच्या मध्ये उभा राहून मोठ्यानं प्रार्थना केलीस. ती तू मला तेव्हाच सांगितली होतीस, म्हणून मला शब्द माहीत आहेत. देवा, ही बोटं तुजी हाईत, तू मोजल्याली हाईत. सांजच्याला घरी जाताना ज्याला धा हाईत त्याची धा असू देत, ज्याला आठ हाईत त्याची आठ असू देत. यंत्र आमचं चाकर हाय, धनी न्हवं, ह्ये आमच्या ध्यानात ऱ्हाऊ दे. शेठच्या बी ध्यानात ऱ्हाऊ दे. येशूच्या नावानं मागतो. शेठही आमेन म्हणाले. पुढं दर खंडेनवमीला, निवृत्त झाल्यावरही, आरती झाली की तू ती म्हणायचास आणि मग पेढे वाटले जायचे. कामगार तिला बोटांची प्रार्थना म्हणायचे.

अठरा वर्षांपूर्वी ही गोष्ट आपल्या पंचांच्या कानावर गेली. कशी गेली, ते इतकी वर्षं कुणाला माहीत नव्हतं. मी सांगितली. आणि अर्धी सांगितली. मनोहर यंत्रपूजेला उभा राहतो, एवढंच.

असं का केलं, ते सांगण्याआधी साताऱ्याचं सांगायला हवं.

साताऱ्याच्या कचेरीत मी कोण आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पाटीवर एलिया हे नाव नव्हतं, त्याचं पहिलं अक्षर तेवढं होतं. वर्षातून एकदा सत्यनारायण असायचा. मी कपाळाला गंध लावून घ्यायचो, आरतीला टाळ्या वाजवायचो आणि प्रसाद वाटायला पुढं असायचो. एका वर्षी नेमका त्याच वेळी तू आलास, माझ्या आईचं औषध घेऊन, सुट्टीला गावी गेला होतास तिथून, लोणंदहून एसटीनं. दारात उभा. मी हातात शिऱ्याचं ताट घेऊन. साहेबांनी विचारलं, "हे कोण?"

मी म्हणालो, "गावाकडचे आहेत. ओळखीचे."

तू माझ्या हातून शिरा घेतलास, खाल्लास आणि म्हणालास, "झकास झालाय." औषधाची पिशवी माझ्या टेबलावर ठेवलीस आणि गेलास. त्यावर तू कधी एक शब्द बोलला नाहीस. मला वाटायचं, बोलावंस. तू शिवी दिली असतीस तर मी उलट दिली असती आणि ते संपलं असतं.

तू सगळ्यांसमोर ख्रिस्ती होतास आणि सगळ्यांबरोबर उभा होतास. मी ना ख्रिस्ती दिसत होतो ना कुणाबरोबर उभा होतो. मी फक्त लपलेलो होतो. आणि रविवारी चर्चमध्ये, आपल्या देवळात, येऊन, जगापासून दूर राहा, असं मीच सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचो. तुझा वर्ग वाढत गेला तसतसं मला ते सहन होईना. त्यात रूथ माझ्यापेक्षा तुझं ऐकायला लागली होती.

पंचांची सभा रविवारी उपासनेनंतर झाली. अध्यक्ष दाजीबा. तुला बोलावलं. तू टोपी काढून उभा राहिलास. दाजीबा म्हणाले, "मनोहर, यंत्रपूजेला उभा ऱ्हातोस, खरं का?"

तू म्हणालास, "उभा ऱ्हातो. लोकांसंगं उभा ऱ्हातो, यंत्रापुढं न्हाई." आणि मग ती प्रार्थना तू पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलीस. यंत्र आमचं चाकर, धनी नव्हे, हे वाक्य तू दोनदा म्हणालास. एका पंचानं विचारलं, "पेढा खातोस का?" तू म्हणालास, "खातो. ग्वाड असतोय." कुणी हसलं नाही.

मग दाजीबांनी विचारलं, "आपल्यातलं आनि कोन करतं का असलं काय? कुनी पूजेला बसतं, गंध लावून घेतं? तुला ठावं असंल तर सांग."

मन्या, तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. तोंडाकडे नाही, हातातल्या पेनाकडे. आणि म्हणालास, "माज्यापुरतं इचारा, दाजीबा."

इतिवृत्तात मी दोन ओळी लिहिल्या. 'श्री. मनोहर यांनी यंत्रपूजेस उभे राहत असल्याचे कबूल केले. त्याबद्दल खेद व्यक्त केला नाही.' प्रार्थना लिहिली नाही. चाकर आणि धनी लिहिलं नाही. दाजीबांचा शेवटचा प्रश्न लिहिला नाही आणि तुझं उत्तरही नाही.

नंतर कुणी विचारलंच तर मी सांगत आलो की दाजीबांनीच तेवढंच लिहायला सांगितलं. दाजीबा आता हयात नाहीत. हे मी आज स्पष्ट लिहितो: त्यांनी तसं काही सांगितलं नव्हतं. कुणीच सांगितलं नव्हतं. उलट ते जाताना म्हणाले होते, "एलिया, त्यानं प्रार्थना सांगितली ती नीट लिव्हा, पुढच्या सभेला इचार करू." पुढच्या सभेला दाजीबा आजारी होते. मी दोन ओळी वाचून दाखवल्या. जे आले होते त्यांनी त्या कायम केल्या. त्या दोन ओळींवर तुझा वर्ग गेला आणि तुला प्रभुभोजनातून, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि प्याला घेण्यातून, बंद केलं, लेखी पश्चात्ताप देईपर्यंत.

तू माझ्या घरी आलास. बसलाही नाहीस. "काय लिव्हलंयस ते वाचून दाखव." मी वाचलं. तू म्हणालास, "ह्याबद्दल माफी मागू? ह्ये तर घडल्यालंच न्हाई."

मी म्हणालो, "माग की मन्या. एक कागदाचा प्रश्न आहे. सगळं मिटेल."

तू म्हणालास, "तू निम्मं लिव्हलंस, निम्म्याची माफी मी मागितली तर उरल्यालं निम्मं कायमचं मेलं." आणि गेलास. तुझी माझ्याशी दोस्ती तुटली नाही. मला तेच सोसलं नाही. तू येत राहिलास, चहा पीत राहिलास, माझ्या गुडघ्याची चौकशी करत राहिलास. फक्त त्या विषयावर तू पुन्हा बोलला नाहीस, आणि मी तुझ्या गप्प बसण्याला क्षमा समजत राहिलो. सोयीचं होतं.

अठरा वर्षं तू शेवटच्या बाकावर बसलास. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर आणि प्याला ताटातून बाकाबाकांवरून मागं सरकत तुझ्यापर्यंत यायचा. तू ताट दोन्ही हातांनी घ्यायचास, जरा वेळ धरायचास आणि शेजारच्याकडे द्यायचास. मी पुढच्या बाकावर, माझ्या वाट्याची भाकर खायचो. मागं वळून मी कधी बघितलं नाही. पण ताट तुझ्यापाशी आलं की मला कळायचं, कारण ते सरकायचा आवाज तेवढा वेळ थांबायचा.

तुझा वर्ग मी चालवायला घेतला होता, आठवतं? चार शनिवार. पोरं प्रश्न विचारायची आणि मी म्हणायचो, शंका घेऊ नये. पाचव्या शनिवारी तिघं आली. मग बंद केला. काही पोरं मोठ्या सभागृहातल्या त्या गाजावाजाच्या सभांना जायला लागली, जिथं नवस बोलल्यासारखं देवाकडून मागून घेतात. काही कुठंच गेली नाहीत. रूथ पुण्याला गेली. तू गेल्याचं कळलं तेव्हा ती आली, पण देवळाच्या आत आली नाही. आवाराच्या कट्ट्यावर बसून राहिली.

दफनानंतर मी तिच्याशेजारी जाऊन बसलो आणि खिशातला कागद तिला वाचायला दिला. तिनं तो दोनदा वाचला.

"हे मला तेव्हा सांगायला हवं होतं, बाबा."

"होय."

"मी तुम्हाला विचारलं होतं, काकांना का काढलं. तुम्ही म्हणालात, शिकवण शुद्ध राहिली पाहिजे. मला वाटलं, या देवाच्या घरात खरं विचारणाऱ्याला जागा नसते. त्यावर मी माझं सगळं ठरवलं."

मी विचारलं, "आणि आता?"

ती म्हणाली, "आता बाहेर राहायची सवय झालीय." कागदाची घडी घालून तिनं परत दिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

पण तुझ्या शेवटच्या बुधवारचं अजून सांगायचंय. ते सगळ्यांत वाईट.

दवाखान्यात दुपारी मी तुझ्यापाशी बसलो होतो. तू पाणी मागितलंस, दोन घोट प्यालास आणि म्हणालास, "एल्या, पाळकसायबांस्नी म्हनावं, पयल्या रविवारापतोर मी काय थांबत न्हाई. जमलं तर भाकर-प्याला हितंच घिऊन या." तू हे हसत म्हणालास, जसं कुणी डबा घेऊन ये म्हणतं. तू कुणाची माफी मागितली नव्हतीस. तू फक्त भाकर मागितलीस.

मी तिथून सरळ देवळात गेलो. आपले पाळक तरुण, येऊन दोन वर्षं झाली. चांगला माणूस आहे. त्यांनी कपाटातून जुनं पुस्तक काढलं, पान शोधलं. "काका, ही नोंद रद्द झालेली दिसत नाही. अक्षर तुमचंच आहे. तुम्ही तेव्हा होता. तुम्ही म्हणाल तसं करतो. आत्ता निघू या का?"

त्यांची पिशवी टेबलावरच होती. छोटा प्याला, छोटी बाटली, आजाऱ्यांकडे नेतात ती. एक वाक्य पुरलं असतं. ही नोंद खोटी आहे, मी लिहिली आहे. एवढंच. रिक्षा बाहेर उभी होती.

मी म्हणालो, "रविवारी पंचांपुढं ठेवू. रीतसर होऊ दे."

शनिवारी सकाळी तू गेलास. ज्या रविवारी तुझा विषय पंचांपुढं ठेवायचा होता, त्या रविवारी तुझी पेटीच पुढं ठेवली होती. बुधवारी संध्याकाळी पुन्हा, मग गुरुवारी आणि शुक्रवारीही मी तुला भेटायला आलो होतो. तू दर वेळी दाराकडे बघायचास, माझ्यामागून कुणी येतंय का म्हणून. मी सांगायचो, पाळकसाहेब कामात आहेत.

पुढच्या सभेत मी सगळं सांगितलं. उभं राहून, कागद वाचून. साताऱ्याचा सत्यनारायणसुद्धा. पाळकसाहेबांनी मान खाली घातली होती. बाकीचे ऐकत होते. बहुतेकजण तुला शेवटच्या बाकावरचे म्हातारे एवढंच ओळखायचे. एकजण चांगुलपणानं म्हणाला, "काका, आता जिवाला लावून घेऊ नका. ते देवाघरी गेले, तिथं काय हे पुस्तक चालतं का?" मी म्हणालो, "इथं चाललं ना." मी जुन्या पुस्तकातल्या त्या दोन ओळींच्या बाजूला खरं काय ते लिहायची परवानगी मागितली. पाळकसाहेबांनी पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. तिथं नियम लिहिलेला आहे: कायम झालेल्या इतिवृत्तात खाडाखोड करू नये, बाजूस काही लिहू नये. अक्षर माझंच. मी चिटणीस झालो त्याच महिन्यात तो नियम केला होता, नीटनेटकं राहावं म्हणून.

नव्या पुस्तकात लिहिलं गेलं: 'श्री. एलिया यांच्या निवेदनाची नोंद घेतली.' पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा होता. त्यावर पाऊण तास चर्चा झाली. उद्या कुणी जुनं पुस्तक उघडलं तर तुझ्या नावापुढं त्याच दोन ओळी असतील.

परवाच्या पहिल्या रविवारी मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो, तुझ्या जागेवर. ताट आलं. मी ते धरलं आणि शेजारी दिलं. कुणी विचारलं नाही. त्यांना वाटलं असेल, म्हाताऱ्याला पुढच्या पायऱ्या चढवत नाहीत. तू किती वेळ धरायचास ते मला आता कळलं. जड असतं ते.

आणि काल खंडेनवमी होती. आठवडाभर आधी तानाजीचा फोन आला. "आवं तात्या, मनोहरदा तर गेलं. औंदा बोटांची प्रार्थना कोन म्हननार? तुमी त्यांचं दोस्त. या की." मी नाही म्हणू शकलो नाही.

कारखाना आता तुझ्या नोकरीच्या काळातला राहिलेला नाही. शेठचा मुलगा बघतो. नवी यंत्रं काचेच्या दाराआड चालतात, हात आत जातच नाही. तुझं लेथ कोपऱ्यात आहे, त्याच्यावर आता फक्त तानाजी अधूनमधून काम करतो. पुढच्या वर्षी तो निवृत्त होणार. पोरं नवीन, परराज्यातली. आरती झाली, शेठच्या मुलाला कुठंतरी जायचं होतं, त्यानं नारळ फोडला आणि गाडी काढली. पोरं पेढे घेऊन पांगली. राहिलो तानाजी, मी आणि तुझं लेथ. त्यानं ते धुतलं होतं. तुझ्याइतकं चकाकत नव्हतं.

"म्हना तात्या."

मी डोळे मिटले. मन्या, मला शब्द पाठ आहेत, वर लिहिलेच आहेत. तोंडातून एकही येईना. कुणाच्या वतीनं मागू, आणि कुठल्या तोंडानं? तानाजीनं थोडी वाट बघितली. मग त्यानं गमछा डोक्यावरून काढला, आठ बोटांचे हात जोडले आणि स्वतःच सुरू केलं. देवा, ही बोटं तुजी हाईत, तू मोजल्याली हाईत. सांजच्याला घरी जाताना ज्याला धा हाईत त्याची धा असू देत, ज्याला आठ हाईत त्याची आठ असू देत. यंत्र आमचं चाकर हाय, धनी न्हवं, ह्ये आमच्या ध्यानात ऱ्हाऊ दे. त्यानं शेठच्या बी ध्यानात ऱ्हाऊ दे हेही म्हटलं, शेठ नसताना. येशूच्या नावानं मागतो. आमेन.

मग डोळे उघडून त्यानं मला विचारलं, "तात्या, बराबर म्हनलं का? काय सुटलं न्हाई न्हवं?"

मी म्हणालो, "नाही. काही सुटलं नाही."

तुझ्याविषयी मी दिलेली ती पहिली पुरी साक्ष. ऐकायला तानाजी होता, आणि त्याला माझ्या साक्षीची गरज नव्हती.